विजेची गाडी आणि पडलेला दात

नवे वाहन घेतले की ते प्रथम देवळाच्या आवारात आणावे, त्यावर पवित्र पाणी शिंपडून घ्यावे आणि मगच रस्त्यावर काढावे, ही आमच्या खानापूर तालुक्यातील खेड्यांची जुनी रीत आहे. पूर्वी सायकली आल्या, मग मोटारसायकली आणि ट्रॅक्टर आले; अलीकडे विजेवर चालणाऱ्या स्कूटरी येऊ लागल्या आहेत. लोक तिला 'चार्जिंगची गाडी' म्हणतात. २०२४ च्या नाताळनंतरच्या आठवड्यात अशीच एक निळी गाडी, आरशांना झेंडूचा हार घातलेली, आमच्या ओट्यापुढे उभी राहिली. बरोबर गाडीचे धनी, त्यांची पत्नी, वृद्ध आई, नववीत शिकणारी मुलगी आणि पाच वर्षांचा मुलगा. आम्ही प्रार्थना म्हटली, पाणी शिंपडले, पेढा खाल्ला. हेल्मेट कोठे आहे, हे आम्ही विचारले नाही. गाडी घरातील कोण चालवणार, हेही विचारले नाही.

पुढे मार्च महिन्यात, उपवासकाळातील एका शुक्रवारी सायंकाळी, क्रुसाच्या वाटेच्या भक्तीस लोक जमत होते. ती मुलगी धाकट्या भावाला पुढे पाय ठेवावयाच्या जागी उभा करून घरून निघाली होती. शाळेच्या वळणावर गावकऱ्यांनीच घातलेला एक गतिरोधक आहे. त्यावर पांढरे पट्टे नाहीत, आणि तिन्हीसांजेला तो रस्त्यासारखाच काळा दिसतो. गाडी येत असल्याचे कोणाच्या कानी आले नाही, कारण त्या गाडीला आवाज नसतोच. कानी आला तो पडण्याचा आवाज. आम्ही धावत गेलो तेव्हा मुलगी रस्त्यात बसली होती. हनुवटीखालून रक्ताची धार लागली होती आणि वरच्या ओळीतील समोरचा एक दात जागेवर नव्हता. लहानग्याचा ओठ फाटला होता, आणि त्याचे पुढचे दोन दात तर दिसेनासेच झाले होते. तो मोठ्याने रडत होता. ती रडत नव्हती, आणि त्याचेच आम्हांस अधिक भय वाटले.

त्या सायंकाळी आम्ही काय केले, हे वाचकांपासून लपवून ठेवण्यात अर्थ नाही. आजीबाईंनी खडीतून दात शोधून काढला. "फादर, देवानं दिलेला दात, टाकायचा कसा?" असे म्हणत त्यांनी तो आमच्या स्वयंपाकघरातील नळाखाली चोळचोळून धुतला, मुळाला चिकटलेले तांबूस तंतू नखाने खरडून काढले, आणि तो पांढराशुभ्र झाल्यावर आमच्या हाती दिला. आम्ही तो स्वच्छ रुमालात गुंडाळून झग्याच्या खिशात ठेवला. तेथेच ओट्यावर, हाताच्या अंतरावर, सायंकाळचे दोन लिटर दूध ठेवलेले होते.

मग गाडी मिळवण्यात वेळ गेला, वाटेत गेला, बेळगावात हनुवटीला टाके घालण्यात गेला. दंतवैद्यासमोर बसलो तेव्हा अडीच तास होऊन गेले होते. त्यांनी पहिला प्रश्न केला, "दात कोठे आहे?" आम्ही मोठ्या समाधानाने खिशातून रुमाल काढला. त्यांनी दात उजेडात फिरवून पाहिला आणि शांतपणे विचारले, "दुधात का नाही ठेवला?"

येथे थोडे विषयांतर करतो. दातांच्या दुखण्यात ज्या संत अपोलोनियेची मध्यस्थी भाविक मागतात, ती अलेक्झांड्रिया नगरातील एक वृद्ध कुमारिका होती. इ. स. २४९ च्या सुमारास तेथील दंग्यात जमावाने तिच्या जबड्यावर प्रहार करून तिचे दात पाडले, हे त्या नगरीचे बिशप डायोनिसियस यांनी पत्रात लिहून ठेवले आहे. तिचा स्मरणदिन ९ फेब्रुवारी. हे सर्व आम्ही सेमिनरीत शिकलो आणि प्रवचनांतून सांगितलेही. मात्र पडलेला दात हा काही काळ जिवंत असतो, हे चाळिशी उलटून गेली तरी आम्हांस ठाऊक नव्हते.

दात हा भिंतीत ठोकलेल्या खुंटीसारखा हाडात घट्ट बसवलेला नसतो. त्याच्या मुळाभोवती सूक्ष्म तंतूंचे एक पातळ, जिवंत आवरण असते आणि त्या तंतूंनी तो हाडाला जणू टांगलेला असतो. दात उखडून पडला की ते आवरण अर्धे मुळाला चिकटून बाहेर येते. आजीबाईंनी खरडून काढले ते हेच. हे आवरण ओले व जिवंत असतानाच दात परत जागेवर बसला, तर तंतू पुन्हा धरतात. ते वाळून मेले, तर दात बसवता येतो खरा, पण शरीर त्यास दात म्हणून ओळखत नाही. हाडच हळूहळू मुळात शिरते आणि मूळ झिजवून टाकते. कोपनहेगनचे दंतशल्यवैद्य येन्स आंद्रेआसेन व त्यांचे सहकारी यॉर्टिंग-हान्सेन यांनी १९६६ साली अशा परत बसवलेल्या ११० दातांचा अभ्यास प्रसिद्ध केला. अर्ध्या तासाच्या आत जे दात बसवले होते त्यांपैकी शेकडा ९० दातांची मुळे दोन वर्षांनंतरही शाबूत होती; ज्यांना दोन तासांहून अधिक उशीर झाला, त्यांपैकी शेकडा ९५ मुळे झिजू लागली होती. आमचे अडीच तास कोणत्या बाजूस पडतात, हे वाचकांनीच पाहावे.

म्हणून हे नीट ध्यानात धरावे. पक्का दात पडला तर तो मुळाकडून न धरता, चावावयाच्या पांढऱ्या भागाकडून उचलावा. माती लागली असल्यास दुधाने किंवा स्वच्छ पाण्याने क्षणभर खळबळावा. घासू नये, खरडू नये, राख-मीठ-साबण काही लावू नये. जखमी माणूस शुद्धीवर असेल आणि कोणाचा हात धजत असेल, तर दात सरळ बाजूने त्याच्या खळगीत हलकेच बसवावा आणि स्वच्छ रुमाल दातांखाली धरावयास सांगावे. याहून उत्तम उपचार वाटेत दुसरा नाही. धीर होत नसेल तर दात थंड दुधात बुडवावा. उकळत्या अगर गरम दुधात नव्हे. दूध नसेल तर वाटीत त्याच माणसाने थुंकलेल्या लाळेत ठेवावा. साध्या पाण्यात ठेवणे चांगले नव्हे, तरी कोरड्या रुमालापेक्षा ते बरे. आणि तासाच्या आत दंतवैद्य गाठावा. तास उलटून गेला तरी दात फेकू नये, कारण तरीही तो बसवण्यात काही लाभ असतो. दाताचा नुसता तुकडा पडला असेल तरी तोही ओला ठेवून न्यावा. पुष्कळदा तो चिकटवता येतो. तुकडा सापडलाच नाही, तर तो फाटलेल्या ओठात रुतला आहे किंवा श्वासाबरोबर छातीत गेला आहे, असेही असू शकते. डॉक्टरांना ते अवश्य सांगावे. धनुर्वाताच्या सुईचेही विचारावे.

दुधाच्या दाताची गोष्ट अगदी निराळी. तो पडला तर परत बसवू नये, कारण त्याच्यावर, हाडात, पक्क्या दाताचा कोंब असतो आणि त्यास इजा होते. तो खुशाल आपल्या रीतीप्रमाणे कौलांवर फेकावा. समोरचे पक्के दात साधारण सहा ते आठ वर्षे वयात येतात. त्यापुढच्या मुलाचा समोरचा दात पडला तर तो पक्काच समजावा. त्या लहानग्याचे दोन दात मात्र पडलेही नव्हते आणि तुटलेही नव्हते. गाडीच्या मुठींमधल्या कठीण भागावर तोंड आपटल्यामुळे ते सरळ वर हिरडीत घुसून गेले होते. असे दुधाचे दात पुष्कळदा काही महिन्यांत आपोआप खाली येतात, त्याचेही आले. परंतु वरच्या कोंबाला धक्का लागला आहे की काय, हे तो पक्का दात दोन वर्षांनी उगवेल तेव्हाच कळेल. कदाचित त्यावर पांढरा अगर तपकिरी डाग असेल, कदाचित नसेल. मूल पुढे उभे केले की त्याचे तोंड नेमके मुठींच्या उंचीला येते. आमच्या गावात रोज सकाळी शाळेच्या वेळेस अशी किती मुले उभी असतात, हे आम्ही त्यानंतर एके दिवशी ओट्यावर बसून मोजले. अकरा होती.

आता हनुवटीविषयी. पडलेल्या मुलाच्या हनुवटीखाली चीर गेली की आपण हळद दाबतो, फार तर दोन टाके घालून आणतो आणि संकट टळले म्हणतो. वस्तुतः ती चीर म्हणजे दारावरची थाप असते. खालचा जबडा घोड्याच्या नालासारखा आहे. त्याची दोन टोके दोन्ही कानांपुढे कवटीला सांध्याने जोडलेली आहेत. हनुवटीवर बसलेला घाव त्या नालातून मागे जातो आणि टोकाजवळची बारीक मान मोडतो. पलटणीत तासन् तास ताठ उभे राहून भोवळ येऊन हनुवटीवर कोसळणाऱ्या शिपायांत हा प्रकार दिसे, म्हणून इंग्रज शल्यवैद्यांनी त्यास पहारेकऱ्याचा अस्थिभंग असे नाव दिले. बाहेरून काहीच दिसत नाही. खुणा एवढ्याच की दात पूर्वीसारखे एकावर एक बसत नाहीत, कानापुढे दुखते, तोंड उघडताना हनुवटी एका बाजूस सरकते, क्वचित कानातून रक्त येते. आमच्या मुलीची हनुवटी डावीकडे सरकत होती. टाके घालताना ते कोणाच्या ध्यानात आले नाही. दंतवैद्यांनी तोंड उघडावयास सांगताच त्यांच्या आले. त्यांनी सबंध जबड्याचा क्ष-किरण फोटो काढविला. डाव्या टोकाची मान मोडली होती.

ही इजा लहान वयात दुर्लक्षित राहिली तर सांधा हाडाने सांधून जाऊ शकतो. तोंड उघडेनासे होते आणि त्या बाजूचा जबडा वाढत नाही. अशी तिरप्या चेहऱ्याची माणसे आपण जत्रेत पाहिली असतील आणि ती जन्मतःच तशी असावीत असे समजलो असू. म्हणून मुलांच्या बाबतीत पुष्कळदा शस्त्रक्रिया न करता काही दिवस पातळ अन्न देतात आणि मग लवकरच जबडा हलवावयास लावतात. तिला डॉक्टरांनी आइस्क्रीमच्या काड्यांची जुडी दिली. दातांमध्ये जेवढ्या काड्या मावतील तेवढ्या धरावयाच्या आणि दर काही दिवसांनी एक वाढवावयाची. पहिल्या आठवड्यात नऊ मावत होत्या, आणि प्रत्येक नव्या काडीला डोळ्यांतून पाणी येई. आजीबाई शेजारी बसून काड्या मोजत.

गाडीच्या धन्यांना आम्ही बोल लावला नाही; तसा अधिकार आमचा उरलाही नव्हता. त्यांनीच एकदा विषय काढला. "फादर, दुकानात विचारूनच घेतली हो. याला लायसन नको, नंबर नको, हेल्मेटपण नको म्हणाले." त्यांचे म्हणणे खोटे नव्हते. केंद्रीय मोटार वाहन नियमांप्रमाणे ज्या बॅटरीच्या दुचाकीची शक्ती २५० वॉटहून कमी, वेग ताशी २५ किलोमीटरहून कमी आणि बॅटरी सोडून वजन ६० किलोपर्यंत आहे, ती मोटार वाहनात गणली जात नाही. त्यामुळे नोंदणी, परवाना, विमा यांपैकी कशाचीच तिला गरज नाही. परंतु कायद्याने वाहन नाही म्हणून रस्ता मऊ होतो काय? ताशी २५ किलोमीटर वेगाने जमिनीवर आदळणे म्हणजे सुमारे ८ फूट उंचीवरून पडणे. घराच्या पागोळीवरून पोराला हनुवटीवर पडू देण्यास कोण बाप तयार होईल?

शिवाय ती गाडी २५ ने धावत नव्हती. वेगाचा अटकाव काढून देणारे कारागीर सर्वत्र आहेत, आणि शेजारच्याची गाडी आपल्या पुढे जाते हे कोणासच सोसत नाही. ताशी ४० चा वेग झाला की तीच उंची २० फुटांची होते. आणि त्याच क्षणी ती कायद्याच्या दृष्टीनेही मोटार वाहन होते: विनानोंदणी, विनाविमा, विनापरवाना. मोटार वाहन कायद्यात २०१९ साली जी दुरुस्ती झाली, तिच्यातील १९९ अ या कलमाप्रमाणे अज्ञान मुलाने वाहन चालवून गुन्हा केल्यास पालकास २५,००० रुपये दंड आणि तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. दुकानात हे कोणी सांगत नाही.

या गाड्यांचा स्वभावही ओळखून घ्यावा. पेट्रोलची गाडी वेग घेताना गुरगुरते आणि चालवणाऱ्यास सावध करते. विजेची मोटर उभ्या जागेवरून पहिल्याच क्षणी पूर्ण जोर लावते. मूठ थोडी जास्त पिळली गेली की गाडी उसळते. किल्ली फिरवलेली आहे की नाही हेही कळत नाही. आमच्याच गावात एकाने अंगणात उभी असलेली गाडी मूठ धरून सरकवली, तर ती सरळ ओट्यावर चढली. सुदैवाने तेथे कोंबड्याच होत्या. चाके दहा-बारा इंचांची. सव्वीस इंची सायकलचे चाक ज्या खड्ड्यावरून जाते, त्यात हे चाक अडकते, आणि चालवणारा मुठींवरून पुढे फेकला जातो. पुढे फेकला गेलेला माणूस तोंडावर पडतो.

राहिले हेल्मेट. अरबस्तानातील कामगिरीमुळे प्रसिद्ध झालेले टी. ई. लॉरेन्स हे मे १९३५ मध्ये सायकलवरील दोन मुलांना चुकवताना मोटारसायकलवरून फेकले गेले आणि सहा दिवसांनी वारले. त्यांच्यावर उपचार करणाऱ्यांत मेंदूचे शल्यवैद्य ह्यू केर्न्स होते. त्या मृत्यूने ते बेचैन झाले. मोटारस्वारांच्या डोक्यांच्या इजांचा त्यांनी अभ्यास केला, १९४१ साली तो प्रसिद्ध केला, आणि त्याच वर्षी ब्रिटिश सैन्यात मोटारस्वारांस शिरस्त्राण सक्तीचे झाले. आज आपल्या डोक्यावर जे हेल्मेट असते, किंवा बहुधा कोपरात अडकवलेले असते, त्याचा उगम हा असा आहे. आपल्या देशात २०२२ साली हेल्मेट न घातलेल्या ५०,०२९ दुचाकीस्वारांचा रस्त्यावर अंत झाला, असे केंद्र सरकारचा अहवाल सांगतो. हा मृत्यूंचा आकडा झाला. मोडलेले जबडे त्यात येत नाहीत.

परंतु केर्न्सचे शिरस्त्राण डोक्यासाठी होते. बाजारात मिळणारी अर्धी टोपी आजही तेवढेच झाकते; तोंड उघडेच राहते. जर्मनीतील हॅनोव्हर येथे डीटमार ओट्टे यांनी अपघातग्रस्त हेल्मेटे तपासली, तेव्हा सुमारे एक तृतीयांश आघात हनुवटीच्या भागावर झालेले आढळले. म्हणून घ्यावयाचे असेल तर हनुवटीपुढे कठीण कमान असलेले, पूर्ण तोंड झाकणारे घ्यावे. त्यावर आयएसआयची खूण आणि ४१५१ हा क्रमांक असावा. १ जून २०२१ पासून या खुणेवाचून हेल्मेट विकणे गुन्हा आहे. पट्टा हनुवटीखाली बांधावा, नाहीतर पडताना माणसाआधी हेल्मेटच निघून जाते. मुलासाठी मुलाच्या मापाचे घ्यावे. बापाचे हेल्मेट मुलाच्या डोक्यावर पातेल्यासारखे फिरते. नऊ महिने ते चार वर्षांच्या मुलांसही मोटारसायकलवर हेल्मेट आणि चालकाशी बांधणारा पट्टा असावा, हा नियम १५ फेब्रुवारी २०२३ पासून लागू आहे. उकडते, केस विसकटतात, ऐकू येत नाही, हे सर्व आक्षेप आम्ही ऐकले आहेत. आता नवी गाडी आशीर्वादासाठी आली की आम्ही आधी हेल्मेटे मागतो. गाडीवर जितकी माणसे बसणार तितकी. दोन घरे रागावून बाहेरच्या बाहेर परत गेली. त्यांपैकी एक पुढच्या रविवारी हेल्मेटे घेऊन आले.

अपघात झालाच, तर १०८ ला फोन करावा. जखमी बेशुद्ध असेल तर तोंडात पाणी घालू नये. मान फार न हलवता त्यास कुशीवर वळवावे, म्हणजे रक्त घशात जात नाही. वांती, झापड, नाकातून पाण्यासारखा स्राव यांपैकी काही दिसले तर दाताचा विचार मागे ठेवून मोठे रुग्णालय गाठावे. तोंडावरच्या खरचटीत खडी अगर डांबराचे कण राहू देऊ नयेत. वरून कातडी धरली की ते गोंदल्यासारखे जन्मभर राहतात. मदत करणाऱ्याच्या मागे पोलिसांचा ससेमिरा लागेल या भीतीने कोणी पुढे होत नाही. २०१९ च्या दुरुस्तीने अशा मदतगारास कायद्याचे संरक्षण दिलेले आहे. बेळगावात दंतवैद्यकाची दोन महाविद्यालये आहेत, हेही आमच्या भागातील घरांनी लक्षात ठेवावे.

मुलीचा दात डॉक्टरांनी त्या रात्री जागेवर बसवला. मुळातील नस मेलेलीच होती. ती काढून पोकळी भरली आणि शेजारच्या दातांना बारीक तारेने बांधून ठेवले. वय लहान, जबडा अजून वाढावयाचा, म्हणून हाडात स्क्रू बसवून कृत्रिम दात लावणे इतक्यात शक्य नाही. तोवर जागा आणि हाड राखण्यास हा दात उपयोगी पडेल, असे ते म्हणाले. सप्टेंबरात आम्ही तिच्याबरोबर पुन्हा गेलो. काड्या आता सतरापर्यंत गेल्या आहेत, हनुवटी जवळजवळ सरळ उघडते. डॉक्टरांनी लहान आरशाच्या दांडीने तिच्या समोरच्या दातांवर एकेक टिचकी मारली. टप्, टप्. मग त्या दातावर मारली. आवाज निराळा आला: उंच, खणखणीत, भांड्यावर नाणे पडावे तसा. हाडाने दात धरला आहे, असे त्यांनी सांगितले. शेजारचे दात वयाबरोबर खाली येतील आणि हा तेथेच राहील. मुलीने आमच्याकडे पाहिले आणि विचारले, "फादर, दुधात ठेवला असता तर हा पण तसाच वाजला असता?"

आम्ही होय म्हणालो.